सिरॅमिक पदार्थांची उच्च तपमाने आणि थर्मल कॅमेऱ्याचे अंशशोधन

इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात मृत्पात्रांचा मोठा कारखाना चालविणाऱ्या जोसाया वेजवुड याने १७८२ साली रॉयल सोसायटीपुढे एका नव्या तापमापकाचे वर्णन सादर केले. भट्टीच्या उष्णतेत पाऱ्याचा तापमापक निरुपयोगी ठरतो, कारण पारा ३५७ °से. च्या सुमारास उकळू लागतो. म्हणून वेजवुडने मातीच्या लहान वड्या भट्टीत ठेवून, त्या किती आकसल्या हे एका निमुळत्या खाचेत सरकवून पाहण्याची युक्ती योजिली. कारखान्यातील कामापुरती ही युक्ती चांगली होती. परंतु आपल्या श्रेणीचे नेहमीच्या श्रेणीशी नाते जोडताना त्याने शून्य अंश १,०७७.५ °फॅ. आणि पुढील प्रत्येक अंश १३० °फॅ. इतका धरला. या हिशेबाने ओतीव लोखंडाचा द्रवणबिंदू १३० वेजवुड अंश, म्हणजे जवळजवळ १८,००० °फॅ. अथवा सुमारे ९,९७० °से. येत असे. वस्तुतः ओतीव लोखंड १,१५० ते १,२०० °से. च्या दरम्यान वितळते.

या चुकीत एक महत्त्वाची शिकवण आहे. एखादे उपकरण पुन्हा पुन्हा सारखाच आकडा दाखविते, एवढ्यावरून तो आकडा खरा ठरत नाही. उपकरणाचे वाचन आणि मोजावयाची राशी यांमधील नाते ज्या प्रक्रियेने प्रस्थापित होते, तिला अंशशोधन म्हणतात, आणि ते नाते जेथे तपासले नाही तेथपर्यंत ताणले की अनर्थ ओढवतो. आज त्याच सिरॅमिक पदार्थांकडे थर्मल कॅमेरा रोखला जातो. पडद्यावर रंगीत चित्र उमटते आणि प्रत्येक बिंदूपुढे तपमानाचा आकडा दिसतो. तो आकडा कशावर उभा आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कॅमेरा नेमके काय मोजतो?

थर्मल कॅमेरा तपमान मोजीत नाही. तो प्रारण मोजतो. त्याच्या भिंगातून आलेले अवरक्त प्रारण अभिज्ञातकांच्या जाळीवर पडते आणि प्रत्येक अभिज्ञातक आपल्यापुरता एक विद्युत् संकेत देतो. या संकेतापासून तपमानापर्यंतची वाट सिद्धान्ताच्या आधाराने चालावी लागते. माक्स प्लांक याने १९०० साली मांडलेल्या नियमानुसार, कृष्णवस्तूपासून कोणत्याही एका तरंगलांबीवर निघणाऱ्या प्रारणाची तीव्रता केवळ तिच्या केवल तपमानावर अवलंबून असते. प्रारणाची महत्तम तीव्रता ज्या तरंगलांबीवर येते ती व्हीनच्या नियमावरून काढता येते: मायक्रॉनमधील तरंगलांबी आणि केल्व्हिनमधील तपमान यांचा गुणाकार सुमारे २,८९८ असतो. म्हणून १,५०० °से. म्हणजे १,७७३ के. तपमानाच्या कृष्णवस्तूचे प्रारण १.६ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत तीव्र असते.

परंतु प्रत्यक्षातील पदार्थ कृष्णवस्तू नसतात. त्याच तपमानाच्या कृष्णवस्तूच्या मानाने पदार्थ जेवढा अंश प्रारण बाहेर टाकतो, त्या अंशाला उत्सर्जकता म्हणतात. किर्खोफच्या नियमाप्रमाणे, पदार्थ एखाद्या तरंगलांबीचे प्रारण जितके शोषतो तितकेच ते उत्सर्जितही करतो. त्यामुळे अपारदर्शक पदार्थाची उत्सर्जकता आणि परावर्तकता यांची बेरीज एक येते. उत्सर्जकता कमी असलेला पदार्थ थोडे प्रारण सोडतो, शिवाय भोवतालचे प्रारण आरशाप्रमाणे परत फेकतो. कॅमेऱ्यात या दोहोंची बेरीज शिरते. वाटेतील वायू, भट्टीचा झरोका आणि भिंग हे त्यातील काही भाग शोषून घेतात आणि स्वतःचे थोडे प्रारण तीत मिसळतात. अंशशोधनाचे काम म्हणजे या मिश्रणातून केवळ पदार्थाच्या तपमानाचा वाटा वेगळा काढणे होय.

प्रयोगशाळेतील अंशशोधन

अंशशोधनाची पहिली पायरी कृष्णवस्तूपुढे होते. पूर्ण कृष्णवस्तू निसर्गात मिळत नाही; पण सर्व बाजूंनी सारख्याच तापलेल्या विवराला एक लहान मुख ठेवले, तर त्या मुखातून बाहेर पडणारे प्रारण कृष्णवस्तूच्या प्रारणाच्या फार जवळ असते. आत गेलेला किरण भिंतींवर वारंवार आपटून शोषला जातो, हे त्याचे कारण. सिलिकॉन कार्बाइडचे किंवा ग्रॅफाइटचे असे विवर विजेच्या भट्टीत तापवितात. ग्रॅफाइट हवेत जळत असल्यामुळे त्याच्याभोवती आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू खेळवावा लागतो. विवर पुरेसे खोल असल्यास त्याची परिणामी उत्सर्जकता ०.९९ च्या वर जाते.

विवराचे तपमान प्लॅटिनम व ऱ्होडियम यांच्या तपयुग्माने, म्हणजेच थर्मोकपलने, किंवा स्वतः प्रमाणित असलेल्या प्रारण-तापमापकाने मोजले जाते. हे मापन अखेर आंतरराष्ट्रीय तपमान-श्रेणीशी जोडलेले असले पाहिजे. १९९० च्या श्रेणीत काही शुद्ध धातूंचे गोठणबिंदू निश्चित आकड्यांनी ठरविलेले आहेत: ॲल्युमिनियम ६६०.३२३ °से., चांदी ९६१.७८ °से., सोने १,०६४.१८ °से. आणि तांबे १,०८४.६२ °से. चांदीच्या गोठणबिंदूच्या वर तर या श्रेणीतील तपमानाची व्याख्याच प्लांकच्या नियमाने केलेली आहे. चांदी, सोने किंवा तांबे यांपैकी एकाच्या गोठणबिंदूवरील प्रारणाशी अज्ञात प्रारणाचे गुणोत्तर काढून तपमान ठरविले जाते. याहून वरच्या पट्ट्यात पडताळणीसाठी धातू आणि कार्बन यांची सुद्राव मिश्रणे उपयोगी पडतात. कोबाल्ट-कार्बन सुमारे १,३२४ °से. ला, पॅलॅडियम-कार्बन १,४९२ °से. ला आणि प्लॅटिनम-कार्बन १,७३८ °से. ला वितळते. भारतात तपमानाची राष्ट्रीय मानके नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहेत. कार्यशाळेतील तपयुग्मापासून त्या मानकापर्यंतची साखळी अखंड असेल, तरच कॅमेऱ्याच्या आकड्याला अर्थ येतो.

विवर एका तपमानावर स्थिर झाले, की कॅमेऱ्याचा संकेत नोंदवितात आणि पुढील तपमानाकडे जातात. अशा आठ-दहा बिंदूंतून वक्ररेषा काढावयाची ती मन मानेल त्या बहुपदीची नसावी. प्लांकच्या नियमाचे रूप राखणाऱ्या सूत्राची असावी. बहुपदी नोंदलेल्या बिंदूंतून सुरेख जाते, पण शेवटच्या बिंदूपलीकडे ती कोठेही भरकटू शकते. प्लांकच्या आकाराच्या सूत्राला मात्र भौतिक आधार असतो. तरीही अंशशोधन १,२०० °से. पर्यंत केले असता १,६०० °से. वरील वाचन प्रमाण मानू नये. वेजवुडची चूक याच जातीची होती.

एकच अभिज्ञातक असलेल्या तापमापकाला जे प्रश्न पडत नाहीत, असे काही प्रश्न कॅमेऱ्याच्या बाबतीत उपस्थित होतात. पहिला म्हणजे सर्व पिक्सेलांची संवेदनशीलता सारखी नसते, आणि भिंगाच्या कडेने येणारा प्रकाश मध्यापेक्षा मंद असतो. म्हणून सर्वत्र सारख्या तपमानाच्या पृष्ठापुढे कॅमेरा धरून प्रत्येक पिक्सेलाची दुरुस्ती करावी लागते. दुसरा प्रश्न कॅमेऱ्याच्या स्वतःच्या तपमानाचा. भट्टीजवळ कॅमेऱ्याचे कवच तापते आणि त्याचे प्रारणही अभिज्ञातकावर पडते; विशेषतः न थंडावलेल्या सूक्ष्म-बोलोमीटर जातीच्या कॅमेऱ्यांत वाचन त्यामुळे हळूहळू सरकत जाते. तिसरा प्रश्न उद्गमाच्या आकारमानाचा. भिंगातील विखुरण्यामुळे लक्ष्याच्या बाजूचे प्रारणही थोडे मध्यात येऊन मिसळते. अंशशोधन लहान मुखाच्या विवरापुढे केले आणि मापन मात्र सगळा पडदा व्यापणाऱ्या तप्त भिंतीचे केले, तर कॅमेरा वाजवीपेक्षा अधिक तपमान दाखवितो. चौथी गोष्ट झरोक्याची. नीलम सुमारे ५ मायक्रॉनपर्यंतच पारदर्शक असतो. दीर्घ तरंगलांबीसाठी झिंक सेलेनाइडसारखा पदार्थ लागतो. जो झरोका मापनाच्या वेळी मध्ये असणार, तोच अंशशोधनाच्या वेळीही मध्ये ठेवणे हा सर्वांत सरळ उपाय होय.

सिरॅमिक पदार्थांचा विशेष

एवढे सर्व निर्दोष पार पडले, तरी कॅमेरा फक्त विवराचे तपमान अचूक सांगू शकतो. त्याच्यापुढे सिरॅमिकचा तुकडा आला की खरा प्रश्न सुरू होतो. तापलेल्या धातूचा पृष्ठभाग अपारदर्शक तरी असतो. ॲल्युमिना आणि झिर्कोनिया यांसारखी ऑक्साइडे मात्र दृश्य प्रकाशात पांढरी दिसतात, आणि लघु-अवरक्त पट्ट्यात, सुमारे ५ मायक्रॉनपर्यंत, अर्धपारदर्शक असतात. या पट्ट्यात त्यांची उत्सर्जकता अल्प असते. शिवाय ती तुकड्याची जाडी, सच्छिद्रता, कणांचे आकारमान आणि अशुद्धी यांप्रमाणे बदलते. तीच ॲल्युमिना १० मायक्रॉनच्या आसपास जवळजवळ कृष्णवस्तूसारखी वागते.

या बदलाचे कारण स्फटिकातील आयनांच्या कंपनांत आहे. कंपनांच्या पट्ट्यात पदार्थ प्रारणाचे जोराने परावर्तन करतो. परंतु त्या पट्ट्याच्या अलीकडे एक तरंगलांबी अशी येते की तेथे पदार्थाचा वक्रीभवनांक एकाइतका होतो. वक्रीभवनांक हवेइतकाच झाला, की पृष्ठावरून परावर्तन होण्याला कारण उरत नाही. प्रारण आत शिरते आणि तुकडा पुरेसा जाड असेल तर आतच शोषले जाते. परावर्तन शून्य आणि पारगमनही शून्य, म्हणून उत्सर्जकता एक. डेन्मार्कमधील भौतिकीविज्ञ क्रिस्टियानसेन याच्या नावाने ही तरंगलांबी ओळखली जाते. ॲल्युमिनाच्या बाबतीत ती १० मायक्रॉनच्या किंचित अलीकडे येते. झिर्कोनियाची त्याहून मोठी असते. सिलिकॉन कार्बाइडचा स्वभाव याच्या उलट. लघु-अवरक्तात ते काळे आणि अपारदर्शक असून त्याची उत्सर्जकता ०.८५ च्या आसपास असते. पण सुमारे १०.५ ते १२.५ मायक्रॉन या पट्ट्यात त्याचे परावर्तन फार वाढते. म्हणून एका सिरॅमिकसाठी निवडलेला कॅमेरा दुसऱ्यासाठी योग्य असेलच असे नाही.

तरंगलांबीची निवड

येथे दोन युक्तिवाद परस्परांच्या विरुद्ध उभे राहतात. प्रारण-मापनाच्या पाठ्यपुस्तकांतील सर्वमान्य नियम असा, की तरंगलांबी शक्य तितकी लहान घ्यावी. कारण उत्सर्जकतेतील ठरावीक चुकीमुळे तपमानात येणारी चूक तरंगलांबीबरोबर वाढत जाते. प्लांकच्या नियमावरून हिशेब केला असता, १,५०० °से. तपमानावर उत्सर्जकतेत १० टक्के चूक झाल्यास १ मायक्रॉनवर तपमान सुमारे २२ अंशांनी चुकते, ३.९ मायक्रॉनवर सुमारे ७५ अंशांनी, तर १० मायक्रॉनवर सुमारे १२० अंशांनी. हे आकडे पाहिल्यावर १० मायक्रॉनचा कॅमेरा कोणी हातातही घेणार नाही.

परंतु या युक्तिवादात एक गृहीत लपलेले आहे. उत्सर्जकतेतील चूक सर्व तरंगलांब्यांवर सारखीच, दहा टक्के, असेल असे त्यात मानले आहे. ॲल्युमिनाच्या बाबतीत तसे मुळीच नाही. समजा, १ मायक्रॉनवर तिची उत्सर्जकता वस्तुतः ०.२ आहे आणि कोष्टकावरून ०.४ मानली. अर्धपारदर्शक पदार्थात एवढा फरक सहज संभवतो. तेव्हा १,५०० °से. चा तुकडा कॅमेऱ्याला सुमारे १,३६० °से. चा दिसेल; म्हणजे १४० अंशांची तूट. याउलट १० मायक्रॉनजवळ उत्सर्जकता दोन टक्क्यांच्या आत निश्चित सांगता येत असेल, तर तेथील चूक २४ अंशांच्या आसपास राहते. तात्पर्य, लहान तरंगलांबी हा नियम नसून एक सोय आहे. उत्सर्जकतेचे अज्ञान आणि त्या अज्ञानाची तपमानातील किंमत, या दोहोंचा गुणाकार जेथे सर्वांत लहान येतो, ती तरंगलांबी योग्य.

अर्धपारदर्शकतेचा दुसरा परिणाम अधिक घातक आहे. विमानाच्या गॅस टर्बाइनमधील पात्यांवर झिर्कोनियाचा पातळ लेप देतात. आतील मिश्रधातूला ज्वालेच्या तापापासून वाचविणे हे त्याचे काम. लेपाची जाडी पाव मिलिमीटर, उष्णतावाहकता एक वॅट प्रति मीटर-केल्व्हिन आणि उष्णतेचा ओघ दहा लाख वॅट प्रति चौरस मीटर धरला, तर लेपाच्या दोन बाजूंच्या तपमानांत २५० अंशांचा फरक पडतो. लघु-अवरक्त कॅमेरा या लेपातून आत पाहतो आणि त्याला दिसते ते पृष्ठाचे, खालच्या धातूचे आणि मधल्या थरांचे मिश्रण. अशा वाचनाला कोणत्याही एका जागेचे तपमान म्हणता येत नाही. उत्सर्जकतेचा आकडा कितीही काळजीपूर्वक दुरुस्त केला, तरी हा दोष निघत नाही. त्यासाठी लेप जेथे अपारदर्शक असतो अशी दीर्घ तरंगलांबीच घ्यावी लागते.

भट्टीतील परावर्तन

उघड्या हवेत तापलेला तुकडा आणि भट्टीच्या आतील तुकडा यांचे मापन वेगवेगळ्या रीतीने करावे लागते. भट्टीच्या भिंती आणि तुकडा यांचे तपमान तंतोतंत सारखे असेल, तर तुकड्याची उत्सर्जकता कितीही असो, जेवढे उत्सर्जन कमी पडते तेवढेच परावर्तन भरून काढते. तेथे उत्सर्जकता एक धरणेच योग्य. अडचण येते ती भिंती अधिक तप्त असताना.

उदाहरणार्थ, भिंती १,६०० °से., तुकडा १,४०० °से., त्याची उत्सर्जकता ०.८ आणि कॅमेरा ३.९ मायक्रॉनचा घेऊ. भट्टीतील कार्बन डायॉक्साइड आणि वाफ यांचे शोषण येथे अल्प असल्यामुळे ही तरंगलांबी ज्वालांमधून पाहण्यासाठी नेहमी वापरली जाते. उत्सर्जकता एक मानून वाचन घेतले, तर कॅमेरा १,४४१ °से. दाखवील. आता एखादा विद्यार्थी दक्षतेने ०.८ हा आकडा कॅमेऱ्यात भरील, पण भिंतींच्या तपमानाची नोंद करण्यास विसरेल. तेव्हा वाचन सुधारण्याऐवजी १,६११ °से. वर जाईल. चूक ४१ अंशांवरून २११ अंशांवर गेली, तीही दुरुस्तीच्या नावाखाली! तुकड्यात स्वतंत्रपणे उष्णता उत्पन्न होत नसता तो भिंतींपेक्षा तप्त असणे अशक्य आहे. एवढा विचार केला तरी हा आकडा टाकून द्यावा लागतो. उत्सर्जकतेची दुरुस्ती आणि परावर्तनाची दुरुस्ती या जोडीनेच कराव्यात. एकटी पहिली करणे हे न करण्यापेक्षा वाईट.

जागेवरील पडताळणी

या सर्व कारणांमुळे अंशशोधनाची अखेरची पायरी कृष्णवस्तूपुढे पूर्ण होत नाही. ती प्रत्यक्ष तुकड्यापुढे व्हावी लागते. त्यासाठी तीन-चार उपाय प्रचारात आहेत. तुकड्यातच अरुंद छिद्र पाडावे, त्याची खोली व्यासाच्या पाच-सहा पट असावी. पदार्थ अपारदर्शक असल्यास हे छिद्र लहानशा कृष्णवस्तूसारखे वागते, आणि छिद्र व बाजूचे पृष्ठ यांच्या संकेतांच्या गुणोत्तरावरून उत्सर्जकता काढता येते. दुसरा उपाय तपयुग्माचा; परंतु ते तुकड्याला नीट टेकलेले नसेल तर भट्टीचेच तपमान सांगते, आणि पदार्थ अर्धपारदर्शक असेल तर थेट प्रारणानेही तापते. तिसरा उपाय द्रवणबिंदूंचा. सोन्याची किंवा पॅलॅडियमची बारीक तार तुकड्यावर ठेवून ती वितळण्याच्या क्षणी कॅमेऱ्याचे वाचन टिपावे. सोने १,०६४ °से. ला आणि पॅलॅडियम सुमारे १,५५५ °से. ला वितळते. अतिउच्च तपमानाच्या प्रयोगांत ॲल्युमिनाचा थेंब स्वतःच गोठताना सुमारे २,०५० °से. वर वाचन काही काळ स्थिर राहते आणि श्रेणीच्या वरच्या टोकाची परीक्षा होते. काळ्या लेपाचा उपाय सोपा दिसतो, पण उच्च तपमानावर बहुतेक लेप जळतात किंवा सिरॅमिकशी संयोग पावतात. तो जपूनच करावा.

अनिश्चिततेचा ताळेबंद

मापनाच्या शेवटी अनिश्चिततेचा ताळेबंद मांडणे आवश्यक आहे. समजा, विवराच्या तपमानाची अनिश्चितता २ अंश, वक्ररेषेची ३, उद्गमाच्या आकारमानाची ४ आणि उत्सर्जकतेची २४ अंश आहे. परस्परांशी संबंध नसलेल्या चुकांच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ काढले, तर एकूण २४.६ अंश येते. पहिल्या तीन बाबी संपूर्ण नाहीशा केल्या तरी एकूण अनिश्चितता अर्ध्या अंशापेक्षा थोडीच अधिक घटेल. अधिक महाग विवर घेण्यात येथे काहीच अर्थ नाही. जो पैसा आणि वेळ खर्चावयाचा, तो नमुन्याची उत्सर्जकता मोजण्यावर खर्चावा. ताळेबंदाचा खरा उपयोग शोभेच्या आकड्यासाठी नाही; पुढचे कष्ट कोठे घ्यावेत हे त्यावरून कळते.

तापपिंडनाच्या क्रियेत वीस-पंचवीस अंशांच्या फरकाने कणांची वाढ आणि तुकड्याची घनता बदलू शकते. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत तेव्हा पदार्थात फरक शोधला जातो. पण पुष्कळदा फरक तपमानाच्या आकड्यांतच असण्याचा संभव असतो. म्हणून थर्मल कॅमेऱ्याने घेतलेले कोणतेही उच्च तपमान प्रसिद्ध करताना त्याच्यासोबत तरंगलांबीचा पट्टा, गृहीत धरलेली उत्सर्जकता आणि ती कोठून घेतली, भोवतालचे तपमान, मधला झरोका, अंशशोधनाची मर्यादा आणि अनिश्चितता, एवढ्या गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. वेजवुडने आपल्या वड्या, खाच आणि श्रेणी जोडण्याची रीत यांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले होते. त्यामुळेच पुढील संशोधकांना त्याची चूक हुडकून दुरुस्त करता आली. चूक मोठी होती, पण ती झाकलेली नव्हती. पडद्यावरील रंगीत चित्र मात्र आपल्या गृहीतांविषयी स्वतः काही सांगत नाही. ती सांगण्याचे काम चित्र घेणाऱ्यालाच करावे लागते.